टायर घेण्याआधी एवढं ऐक

बाळा, परवा तू विचारलंस, "काका, अ‍ॅव्हेंजरला मागं जरा रुंद टायर टाकू का? भारी दिसेल." तेव्हा मी घाईत होतो, आज नीट सांगतो. जळकोटहून सोलापूरला जाऊन-येऊन तुझे रोजचे शंभरावर किलोमीटर होतात, तेही हायवेनं. गाडी कितीही जड असो, रस्त्याला टेकतो तो एकेका टायरचा तळहाताएवढा भाग. ब्रेक, वळण, पावसातली पकड, मागं बसलेली तुझी आई, सगळा भरवसा त्या दोन तळहातांवर. तिथं दिखाव्याला जागा देऊ नको.

आधी जुना टायर वाच. ओल्या फडक्यानं काळी माती पुसून काढ आणि मागच्या टायरवर आडवा हात फिरव. क्रूझरवर आपण मागं रेलून बसतो, म्हणून भार मागच्या चाकावर जास्त. त्यात आपला रस्ता सरळ. टायर मधोमध झिजून चपटा होतो, कडांची नक्षी मात्र कोरी राहते. लांबून बघणारा फसतो. चपटा टायर वळणावर आधी अडतो आणि मग गाडी एकदम कलते. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात, मधली नक्षी त्यांना भिडली की टायर संपला. पावसाळा जवळ आला असेल तर तिथवर थांबूच नको, कारण चाकाखालचं पाणी बाहेर फेकायचं काम त्या खाचांचंच.

आता आकडे. तुझ्या गाडीला पुढं ९०/९०-१७ आणि मागं १३०/९०-१५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची. १३० चे ९० टक्के म्हणजे ११७ मिलिमीटर. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. त्यापुढं ६६ पी असेल तर ६६ म्हणजे ३०० किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेग, ही त्या टायरची मर्यादा. आईला घेऊन तुळजापूरला जातोस, सोबत पिशव्या असतात, तेव्हा हा भाराचा आकडा कामी येतो. पुस्तकात दिलाय त्याहून कमी कधीच घेऊ नको.

रुंद टायरचं उत्तरही यातच आहे. रिम तेवढाच ठेवून टायर रुंद केला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात, गोलाई बिघडते, गाडी वळायला जड होते. चिमट्याला नाहीतर चेनकव्हरला घासला तर गोष्ट वेगळीच. कंपनीनं दिलं तेच माप घे. पंधरा इंची टायर प्रत्येक दुकानात नसतो. "आहे तोच टाकून देतो" असं कुणी म्हटलं तर परत ये. टायर संपायच्या आधीच चौकशी करून मागवून ठेव.

मी तुझ्या वयाचा असताना एका दुकानातून स्वस्तात नवाकोरा टायर आणला होता. पहिल्याच उन्हाळ्यात कडेला बारीक भेगा पडल्या. माल जुना होता आणि मला तारीख वाचता येत नव्हती. तू वाच: बाजूला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. पडून राहिलेलं रबरही कडक होतं.

रेडियल आणि साधा अशी जोडी लावू नको. तारांचं चाक असेल तर टायरवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी आत ट्यूब लागते, आणि नव्या टायरला ट्यूब नवीच घे. अलॉय असेल तर व्हॉल्व्ह बदलून घे. बसवताना तिथंच उभा राहा. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा, हलक्या बाजूचा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी.

नवा टायर वरून गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जपून चालव, ब्रेक अलगद धर, वळणावर गाडी फार झुकवू नको. चमक यावी म्हणून तेल, डिझेल, पॉलिश काही लावू नको.

आणि हवा सकाळी, गाडी काढायच्या आधी तपास. आपल्याकडे मे महिन्यात डांबर पोळतं. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दबतो, आतून तापतो आणि कडेला फुटतो. कितीही चांगला टायर आण, आठवड्याला ही पाच मिनिटं दिली नाहीस तर पैसे वाया गेले असं समज.

रविवारी गाडी घेऊन ये. फडकं मी काढून ठेवतो, आकडे तू वाचून दाखव.