स्कॅनची फिल्म आणि सीडी जपा : कॅन्सरच्या अभ्यासात कोणाला घेतात?



राळेगाव तालुक्यातून कॅन्सरच्या उपचाराला आपण सेवाग्राम, सावंगी, नागपूर, कधी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलपर्यंत जातो. तिथे एखाद्या वेळी डॉक्टर विचारतात, "ताई, नव्या उपचाराचा अभ्यास सुरू आहे. भाग घेणार का?" यालाच क्लिनिकल ट्रायल म्हणतात. पण 'हो' म्हटलं की लगेच नाव लागत नाही. इतर तपासण्यांसोबत सीटी स्कॅन किंवा एमआरआय बघतात.

स्कॅनमध्ये काय बघतात?

1. आजार कुठवर पसरला आहे. काही अभ्यास फक्त पसरलेल्या आजारासाठी असतात, काही न पसरलेल्या.
2. गाठ मोजता येते का. पुष्कळ अभ्यासांत सीटीवर गाठ किमान 10 मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढी लागते. छातीत-पोटात झालेलं पाणी असं मोजता येत नाही.
3. स्कॅन कधीचा आहे. साधारणपणे उपचार सुरू होण्याआधी 4 आठवड्यांच्या आतला लागतो. म्हणून पुन्हा स्कॅन सांगितला तर चिडू नका, कारण विचारा.

गटाच्या वहीत आरंभीची शिल्लकच लिहिली नसेल, तर वर्षाअखेर वाढ-घट कशी कळणार? गाठीचंही तसंच. निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज सुरुवातीला 50 मिलिमीटर असेल आणि ती 35 किंवा त्याहून कमी झाली, तर उपचार लागू पडतोय असं धरतात.

टाटामधलं उदाहरण

टाटा मेमोरियलमध्ये 2005 ते 2013 या काळात एक अभ्यास झाला. निदानाच्या वेळीच स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला, अशा 716 बाया आल्या होत्या. त्यातल्या 350 जणींना घेतलं. त्यातल्या बहुतेक जणींचा आजार आधीच्या औषधाने कमी झालेला होता. 173 जणींच्या स्तनातल्या आजारावर ऑपरेशनसारखे उपचार केले, 177 जणींवर नाही. ऑपरेशनमुळे आयुष्य वाढलं नाही, असं दिसलं. त्यामुळे पुढच्या कितीतरी बायांना विनाकारण चिरफाड सोसायची गरज नाही, हे कळलं.

हे लक्षात ठेवा

- 'अभ्यासात बसत नाही' म्हणजे 'आता उपाय नाही' असं नव्हे. नेहमीचा उपचार सोडू नका.
- अभ्यासात घेतलं म्हणजे बरं होण्याची हमी मिळाली, असंही नव्हे.
- संमतीपत्र आपल्या भाषेत समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. मधेच बाहेर पडायचा हक्क आहे. 2019 च्या नियमांप्रमाणे अभ्यासामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचीही तरतूद आहे.
- स्कॅनचा आणि येण्या-जाण्याचा खर्च कोण करणार, हे आधीच विचारा. न विचारता गटाचं कर्ज काढू नका.

बैठकीत करायचं काम

ज्यांच्या घरी कॅन्सरचा रुग्ण आहे, त्यांना फिल्म, सीडी आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावायला मदत करा. फिल्म दुमडू नका, चुलीजवळ ठेवू नका. दवाखान्यात जाताना ती पिशवी सोबत न्यायची, आणि सोबत गटातली एक वाचती सखी.