'अ', 'द' आणि त्यांची भावंडं : चिनी भाषक मुलांना इंग्रजी निर्धारक शिकवताना



'आय बॉट बुक.' चिनी मातृभाषा असलेल्या मुलाच्या वहीत असं वाक्य हमखास सापडतं. आपण लाल पेनाने मध्ये 'अ' घालतो आणि पुढच्या पानावर तीच चूक पुन्हा भेटते. मूल निष्काळजी आहे म्हणून असं होत नाही. त्याच्या भाषेत ही जागाच नाही, म्हणून होतं.

तुमच्या ऑनलाइन वर्गात किंवा परदेशातल्या शाळेत अशी मुलं असतील, तर हा पाठ थेट उपयोगी पडेल. नसतील तरी वाचा, कारण 'अ' आणि 'द' मराठीतही नाहीत.

निर्धारक म्हणजे काय?

नामाच्या आधी येऊन कोणतं, किती, कोणाचं हे सांगणारे शब्द म्हणजे निर्धारक. 'अ, ॲन, द' ही उपपदं त्यांतच येतात. शिवाय 'धिस, दॅट, माय, युअर, सम, एनी, मच, मेनी, फ्यू, एव्हरी' ही त्यांची भावंडं.

चिनी भाषेत हे काम कसं चालतं?

चिनीत पुस्तक म्हणजे 'शू'. एक पुस्तक 'यी पन शू', तीन पुस्तकं 'सान पन शू'. दोन गोष्टी लक्षात घ्या. अनेकवचनात 'शू' बदलत नाही. आणि संख्या व नाम यांच्यामध्ये 'पन' हा मोजशब्द येतो. आपण 'तीन जण' किंवा 'दहा नग' म्हणतो, त्यातलाच प्रकार. फक्त चिनीत तो जवळपास प्रत्येक वस्तूला लागतो.

मग ठरावीक पुस्तक की कोणतंही, हे कसं कळतं? बऱ्याचदा शब्दांच्या क्रमावरून. 'खरन लाय ल' म्हणजे ज्यांची वाट बघत होतो ते पाहुणे आले. 'लाय खरन ल' म्हणजे कोणीतरी पाहुणे आले. मराठीतही बघा: 'पुस्तक टेबलावर आहे' आणि 'टेबलावर पुस्तक आहे'. पहिल्यात कोणतं पुस्तक ते ऐकणाऱ्याला माहीत आहे, दुसऱ्यात नाही. म्हणजे 'द' आणि 'अ' यांच्यातला फरक मुलाला समजतो. तो एका वेगळ्या शब्दाने दाखवायची सवय मात्र त्याला नसते.

पहिला प्रश्न : ऐकणाऱ्याला माहीत आहे का?

'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' हा नियम अर्धाच आहे. 'क्लोज द डोअर' मध्ये दाराचा उल्लेख पहिल्यांदाच होतो, तरी 'द' येतो, कारण कोणतं दार ते समोरच्याला कळतं. मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: 'कोणतं ते त्याला कळेल का?' हो, तर 'द'. नाही आणि वस्तू एकच, तर 'अ' किंवा 'ॲन'. 'ॲन' ठरतो उच्चारावरून, स्पेलिंगवरून नाही: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'.

दुसरा प्रश्न : मोजता येतं का?

मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटं हिंडत नाही. 'बुक' च्या आधी 'अ, द, माय, धिस' यांपैकी कोणीतरी हवंच. पण दोघं एकदम नकोत. चिनीत 'माझं हे पुस्तक' चालतं, आपल्याकडेही चालतं; इंग्रजीत 'माय धिस बुक' चालत नाही. तिथे 'धिस बुक ऑफ माइन' म्हणावं लागतं.

'मच' आणि 'मेनी' यांचाही गोंधळ होतो, कारण चिनीत दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो, जसा आपला 'खूप'. 'मेनी बुक्स', पण 'मच होमवर्क'. 'होमवर्क, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर' या नामांची यादी भिंतीवर लावा. ती पाठच करावी लागते.

'एव्हरी' नंतर एकवचन: 'एव्हरी स्टुडंट'. मराठी मूल 'प्रत्येक विद्यार्थी' वरून हे लवकर धरतं. चिनी मुलाचं नाम मुळात बदलतच नाही, म्हणून ते अर्थाकडे बघून 'एव्हरी स्टुडंट्स' लिहितं.

'माय' कुठे हरवतो?

'मी हात धुतले' यात हात कोणाचे, हे आपण सांगत नाही. चिनीतही सांगत नाहीत. इंग्रजीत मात्र 'आय वॉश्ड माय हँड्स'.

अर्थच उलटतो तिथे थांबा

नव्या शाळेत आलेलं मूल आनंदाने सांगतं, 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर.' त्याला म्हणायचं असतं, काही मित्र झालेत. ऐकणाऱ्याला कळतं, फारसे मित्र नाहीत. एका 'अ' ने हा फरक पडतो. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तसंच.

म्हणून सगळ्या चुका एका दिवशी लाल करू नका. वही लालेलाल झाली की मूल छोटी वाक्यं लिहू लागतं, मग लिहायचंच टाळतं. आधी अर्थ बदलणाऱ्या चुका घ्या. मग एकटं राहिलेलं एकवचनी नाम. 'एव्हरी' नंतरचा 'एस' नंतर घेतला तरी चालेल. आणि चूक दाखवताना आधी म्हणा, 'तुझ्या भाषेत हे बरोबर आहे, इंग्रजीत असं म्हणतात.'

सराव

१. प्लीज ओपन ___ विंडो.
२. आय ब्रश ___ टीथ एव्हरी मॉर्निंग.
३. शी वेटेड फॉर ___ अवर.
४. हाऊ ___ होमवर्क डू यू हॅव?
५. आय हॅव ___ फ्रेंड्स हिअर, सो आय ॲम नॉट लोनली.

उत्तरं : १. द, २. माय, ३. ॲन, ४. मच, ५. अ फ्यू.

उत्तर बरोबर आलं तरी 'का?' हे विचाराच. कारण मुलाने आपल्या शब्दांत सांगितलं, मग ते मराठीत असो की चिनीत, तर पुढच्या वाक्यात 'अ' की 'द' हे ते स्वतःच ठरवू लागेल.