काम, खर्च आणि विसावा

जाफराबाद तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं पैसा वर्षांतून एकदोनदांच येतो. खर्च मात्र बाराही महिने चालतो. सवडीचेंही तसेंच. मृगापासून सोयाबीन व कापूस घरीं येईपर्यंत पाठ टेकावयास वेळ नसतो, आणि उन्हाळ्यांत दिवसचे दिवस रिते जातात. म्हणून आमचें म्हणणें हें कीं, पैशाचा व वेळेचा हिशेब एकाच वहींत मांडावा.

प्रथम पैसा. समजा, कापसाचे 60,000 रुपये हातीं आले. बाजारास जाण्यापूर्वीं नवराबायकोनें एकत्र बसून त्यांचे चार वाटे करावे: कर्जफेडीस 20,000, पुढील मृगाच्या बीं-खतास 12,000, आजारपणास 4,000 व घरखर्चास 24,000. म्हणजे घरास महिन्याकाठीं 2,000 च झाले. आतां लग्नाच्या जेवणावळींत 20,000 उडविले, तर एका दिवसांत दहा महिन्यांचें मीठमिरची संपलें!

दुसरें काम. जालना जिल्ह्यांत संकरित बियाण्याचें काम पुष्कळ चालतें. कपाशींत सायंकाळीं कळींतील पुंकेसर काढावयाचे व दुसऱ्या दिवशीं सकाळीं नर-झाडाचे पराग लावावयाचे, असा त्याचा क्रम असतो. हें नाजूक काम बहुतेक बायांच्या बोटांनीं होतें. सकाळ व सायंकाळ अशी शेतांत गेल्यावर त्या माउलीची दुपार धुण्या-दळणांत जाते. आणि घरधनी पारावर बसून म्हणतो, आज विसावलों! बंधूंनो, हा विसावा नव्हे. दुसऱ्याच्या अंगावर टाकलेलें ओझें होय. चौथ्या आज्ञेंत सहा दिवस श्रम सांगितले आहेत, आणि सातव्या दिवसाचा विसावा चाकरास व जनावरासही दिला आहे. बैलाचें जूं उतरतें, मग घरधनिणीचें कां उतरूं नये?

तिसरें सवड. ती फुकट मिळालेली वस्तु नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 1884 सालीं आठवड्याच्या सुटीची मागणी मांडली; रविवारची सुटी 10 जून 1890 रोजीं मान्य झाली. जो दिवस मिळविण्यास सहा वर्षें खटपट करावी लागली, तो पत्त्यांत, दारूंत किंवा मोबाइलच्या पडद्यापुढें घालवावा काय? थकलेल्यानें खुशाल निजावें. मग मुलांचा धडा घ्यावा, आजारी शेजाऱ्याकडे जावें, मित्रांशीं निर्मळ गप्पागोष्टी कराव्या. यांस पैसा लागत नाहीं, आणि मन ताजें होतें.

उपदेशक बंधूंनीं मंडळींत हे प्रश्न विचारावे:

1. पीक विकल्यावर पैशाचे वाटे कोणीं व केव्हां केले?
2. गेल्या आठवड्यांत घरांतील कोणास मुळींच विसावा मिळाला नाहीं?
3. तिचें वा त्याचें कोणतें काम आपण उद्यां उचलणार?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तोंडानें न देतां हातांनीं द्यावें, अशी आमची विनंती आहे.