कागदाच्या पट्ट्या पिसांत कशासाठी?

प्रश्न : आमच्याकडे हिरव्या अंगाचा, गुलाबी चेहऱ्याचा एकच लव्हबर्ड आहे. हल्ली तो वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या कापतो आणि पाठीच्या पिसांत खोचून हिंडतो. हा आजार आहे का? कागद काढून घ्यावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आजार मुळीच नाही, आणि कागद काढून घेऊ नका. तुमचा ‘तो’ बहुधा ‘ती’ आहे. या जातीत नर-मादी सारखेच दिसतात, पण पट्ट्या खोचण्याचं काम मुख्यतः मादीचं. ती घरट्याची तयारी करते आहे.

हा पक्षी मूळचा नामिबिया आणि आसपासच्या कोरड्या मुलखातला. तिथे तो खडकांच्या कपारींत किंवा सुगरणीच्या कुळातल्या पक्ष्यांनी बांधलेल्या भल्यामोठ्या सामायिक घरट्यांत संसार थाटतो. पूर्वी कंडक्टर तिकिटाला पंच मारायचा तशी मादी पानाच्या किंवा सालीच्या कडेला ओळीने चोच मारत जाते. सुटलेल्या पट्ट्या पिसांत खोचल्या की एका खेपेत बऱ्याच नेता येतात.

फिशर लव्हबर्ड मात्र पट्टी चोचीतच धरून नेतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला. १९६२ मध्ये त्यांनी लिहिलं, की संकरित पिल्लं पट्टी पिसांत खोचायला जात, पण ती नीट बसत नसे. चोचीतून नेणं जमायला त्यांना काही वर्षं लागली, आणि तरीही मान मागे वळायचीच. इतकी ही सवय रक्तात मुरलेली असते!

तेव्हा साधा, बिनछपाईचा कागद किंवा नारळाच्या झावळीची पाती खुशाल द्या. घरट्याची पेटी मात्र ठेवू नका. नर नसतानाही मादी अंडी घालते, आणि त्यात तिच्या अंगातलं कॅल्शियम झपाट्याने संपतं. घातलेली अंडी लगेच उचलली तर ती पुन्हा घालते. कंटाळून सोडेपर्यंत तशीच राहू द्या. रात्री दहा-बारा तास पूर्ण अंधार मिळाला तर अंड्यांचा जोर ओसरतो. नुसत्या राळ्या-बाजरीवर ठेवू नका. पालेभाजी, शेवग्याचा पाला आणि पिंजऱ्यात अडकवलेला समुद्रफेस हवाच.

पिसं फुलवून ती तळाशी बसून राहिली, कुंथत असली, तर अंडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या.