झिजलेली काच आणि विखुरलेला प्रकाश

जुन्या मोटारीच्या समोरच्या काचेतून दिवसा रस्ता ठीक दिसतो. पण रात्री समोरून दिव्यांचा झोत आला, की सारी काच पांढुरकी होते. असे का व्हावे?

वाळूतील क्वार्ट्‌झची कठिणता मोह्‌स मापनश्रेणीत ७, तर काचेची सुमारे ५.५. त्यामुळे वेगाने आदळणारे वाळूचे कण काचेवर बारीक खळगे पाडतात. धुळीवर कोरडा वायपर फिरवल्यास ओरखडे उठतात. खळग्यांच्या वाकड्या पृष्ठांवर प्रकाशकिरण इतस्ततः विखुरतात. त्यांतील काही चालकाच्या डोळ्यांत शिरतात आणि अंधारातला पादचारी त्या उजेडात हरवतो.

एक प्रयोग करा. दुधी काचेच्या खरबरीत बाजूला पाणी लावा. काच बरीच पारदर्शक होईल. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १, पाण्याचा १.३३. हा फरक घटला, की विखुरणेही घटते. दगड लागून पडलेला एखादा खळगा रेझिनने भरतात, तो याच तत्त्वावर. पण असंख्य खळगे असे भरता येत नाहीत. काच घासावी, तर जाडी कमीजास्त होऊन दृश्य वेडेवाकडे दिसते. म्हणून फार झिजलेली काच बदलणेच योग्य. आणि नव्या काचेवर आधी पाणी, मग वायपर!