कुंडीतील स्ट्रॉबेरी वाकडी का होते?

गच्चीवर किंवा बंदिस्त सज्जात कुंडीत लावलेल्या स्ट्रॉबेरीला फुले भरपूर येतात, पण फळे पुष्कळदा वेडीवाकडी निपजतात; एक अंग फुगलेले, दुसरे आवळलेले. लागवड करणारा खताला दोष देतो. खरे कारण बहुधा फुलात असते.

स्ट्रॉबेरीचा जो लाल, रसाळ भाग खाल्ला जातो, तो वनस्पतिशास्त्रानुसार फळ नव्हेच. ते फुगलेले पुष्पासन होय. त्यावरील बारीक दाणे, ज्यांना लोक बी समजतात, तीच खरी फळे. प्रत्येक दाण्याच्या पोटात एकेक बी असते. परागकण पोचून ज्या दाण्याचे फलन होते, त्यात ऑक्सिन नावाचे वृद्धिद्रव्य तयार होते आणि त्याच्या भोवतालचे पुष्पासन वाढते. नित्श या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोवळ्या फळावरील सर्व दाणे काढून टाकताच वाढ खुंटली; मोजके दाणे ठेवले, तेव्हा तेवढ्याच जागी फुगवटा आला. दाणे काढलेल्या फळाला ऑक्सिन लावले, तर तेही वाढू लागले.

परागांवाचून काय होते, याचा धडा युरोपला पूर्वीच मिळाला होता. फ्रेझिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची रोपे आणली. ती सारी मादी निघाली आणि एकटी असता वांझ राहिली. उत्तर अमेरिकेतील जातीचे पराग त्यांना मिळाले, तेव्हा फळे धरली; आजची बागाईत स्ट्रॉबेरी याच दोन जातींचा संकर आहे. ही गोष्ट द्युशेन याने १७६६ मध्ये उलगडून दाखविली.

आजच्या बहुतेक वाणांच्या फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. तरीही मधमाशी व वारा जेथे पोचत नाहीत, तेथे पराग सर्व दाण्यांपर्यंत जात नाहीत. म्हणून दव सुकल्यावर मऊ कुंचला प्रथम कडेच्या पुंकेसरांवर आणि मग मधल्या उंचवट्यावर सगळीकडून हलकेच फिरवावा. फूल उमललेले असेपर्यंत हे दोन-तीन दिवस करावे.

बाकीची निगा फार अवघड नाही. मैदानी प्रदेशात रोपे ऑक्टोबरच्या सुमारास लावतात. पाने जेथून फुटतात तो आखूड खोडाचा माथा मातीच्या पातळीवर असावा; पुरला गेला तर कुजतो, उघडा राहिला तर सुकतो. पाणी निचरून जावे. फळे मातीला टेकू नयेत म्हणून खाली वाळलेले गवत पसरावे. फळ तोडल्यानंतर त्याची गोडी वाढत नाही. ते देठापर्यंत लाल झाल्यावरच देठासह खुडावे.