समुद्र सोपा, उंबरठा अवघड

दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत असते. पालखी समोरून धावत गेली की विटेकराचे पाय जागेवर ठरत नाहीत. त्याच गर्दीत माझा पाय गटाराच्या कडेवरून मुरगळला आणि तळपायातलं, करंगळीकडचं लांब हाड तडकलं. दिवाळीनंतरच्या मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग तोवर होऊन गेलं होतं. आमचं घर गलाईवाल्यांचं. थोरले दीर कोइम्बतूरला, धाकटे कानपूरला, दोघेही सोन्या-चांदीच्या भट्टीवर. सगळे एकत्र सापडतात ते दिवाळीतच, म्हणजे क्रूझ पुढे ढकलायची तर वर्षभर ढकलायची. म्हणून गेले. दुखऱ्या पायाने बोटीवर जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडतील असे हे अनुभवाचे बोल.

१. डॉक्टरांना ‘जाऊ का?’ एवढंच विचारू नका.
त्याचं उत्तर ‘जा, पण काळजी घ्या’ असंच मिळतं. नेमकं विचारा. पायावर पूर्ण भार द्यायचा, की नुसती टाच टेकवायची? सलग किती वेळ उभं राहिलेलं चालेल? आधाराचा वॉकर बूट झोपताना काढायचा का? माझा तडा हाडाच्या अगदी बुडाशी होता. तिथलं हाड सहसा लवकर धरतं, म्हणून वॉकर बूट घालून चालायची मुभा मिळाली. तोच तडा थोडा पुढे असता, तर तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने हाड जुळायला वेळ लागतो आणि पाय टेकूही देत नाहीत. सूज उतरलेली नसेल, पाय टेकायलाच मनाई असेल आणि कुबड्यांची सवय नसेल, तर सरळ तारीख बदला. जाणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि एक्स-रेचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी पडते आणि तुमचा आधीचा एक्स-रे त्याच्याकडे नसतो.

२. क्रूझवाल्यांना दुखणं सांगू नका, माप सांगा.
‘पाय फ्रॅक्चर आहे’ म्हटलं की पलीकडून ‘काही प्रॉब्लेम नाही मॅडम’ येतं आणि बोलणं तिथेच संपतं. मी नंतर मेल केला: पन्नास पावलं न थांबता चालते, कठडा धरून आठ-दहा पायऱ्या चढते, फूटभर उंचीची पायरी जमत नाही, ओल्या फरशीवर आधार लागतो. मग मात्र एकेका मुद्द्याला उत्तर आलं. गलाईच्या धंद्यात पिवळं दिसतं म्हणून कुणी भाव देत नाही, टंच (शुद्धता) काढावा लागतो, पायाचंही तसंच. चाकाची खुर्ची बोटीवर मिळेल का, हेही त्याच मेलमध्ये विचारा. बऱ्याच बोटींवर ती फक्त चढता-उतरताना देतात, दिवसभर हवी असेल तर आपली न्यावी लागते. साध्या केबिनचं दार दोन फुटांच्या आसपास असतं आणि नेहमीची खुर्ची बहुधा त्याहून रुंद, म्हणून दाराची रुंदी विचारा आणि आपली खुर्ची टेपने मोजून घ्या.

३. केबिन निवडताना समुद्र बघू नका, लिफ्ट बघा.
बाल्कनीचा मोह सगळ्यांना असतो. दुखऱ्या पायाला मात्र लिफ्टजवळची, बोटीच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची केबिन बरी. बोट हलते ती टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मध्यात कमी. शिवाय मोठ्या बोटीच्या लांब कॉरिडॉरमध्ये जेवणाच्या हॉलपर्यंत दोन-तीनशे पावलं सहज पडतात. आमचे हे म्हणाले, “खिडकी नसलेली खोली म्हणजे तळघरच की.” मी म्हटलं, “समुद्र वर डेकवरनं फुकटात दिसतोय, तिथं बसून बघू.” पावसाळा संपल्यावरचा अरबी समुद्र तसा शांत असतो, हेलकाव्यांनी फारसं छळलं नाही.

४. खरी परीक्षा बाथरूमच्या उंबऱ्यावर.
घरी उंबरा ओलांडायला आपण आयुष्यभर शिकलेलो. बोटीवरचा बाथरूमचा उंबरा वेगळा. पाणी खोलीत येऊ नये म्हणून तो मुद्दाम चार-सहा इंच उंच ठेवतात, आत फरशी उंबऱ्यापेक्षा खाली असते आणि दार बाहेर उघडतं. म्हणजे एका हाताने दार धरायचं, दुसऱ्या हातात काठी, आणि जड बूट उचलून पलीकडे ठेवायचा, तोही बोट डुलत असताना. पहिल्याच संध्याकाळी मी काठी बाहेर टेकवून ठेवली आणि आतला कठडा दोन्ही हातांनी धरून आत गेले. तेच बरं पडलं. नियम फिजिओवाले सांगतात तोच: चढताना धड पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. उंबऱ्यावर चढणं आणि उतरणं दोन्ही एकाच पावलात येतं, म्हणून घाई नको. शॉवरखाली बसायला प्लॅस्टिकचं स्टूल आधीच मागून ठेवा. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किंचित उघडं ठेवलं की अर्धी भीती जाते. प्लास्टर असेल तर आंघोळीला जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी घरूनच न्या.

५. दुसऱ्या पायाचा विचार करा.
वॉकर बुटाचा तळ जाड असतो, त्यामुळे तो पाय इंचभर लांब होतो. सपाट चपलेत दुसरा पाय ठेवून हिंडलात तर दोन दिवसांत कंबर धरते. मी बाजारातल्या चप्पलवाल्याकडून जुन्या स्पोर्ट्स शूजला एक जादा तळ लावून घेतला. काम किरकोळ, पण सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी ठरलं. काठीच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर नवं बसवा, ओल्या डेकवर झिजलेलं रबर साबणासारखं सटकतं. कुबड्या असतील तर वरचं टोक काखेपासून दोन बोटं खाली असू द्या आणि भार हातांवर घ्या. काखेवर रेललात तर हाताला मुंग्या येतात.

६. विटा ते मुंबई हा निम्मा प्रवास.
विट्याला रेल्वे नाही. कराडमार्गे हायवे पकडायचा आणि सात-आठ तास गाडीत बसायचं. पाय खाली लोंबकळत राहिला की सूज चढते, आणि पाय जखडलेला असताना पोटरीत रक्त गोठायचा धोकाही वाढतो. मी मागच्या सीटवर आडवी बसले, पायाखाली दोन उशा घेतल्या, बोटं सतत हलवत राहिले आणि दर दीड तासाने गाडी थांबवायला लावली. पोटरी एकाएकी दुखू लागली, टणक झाली किंवा दम लागला, तर पुढचं सगळं सोडून आधी दवाखाना गाठायचा. आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. सूज घेऊन थेट धक्क्यावर गेलात तर तिथल्या रांगा जड जातात.

७. भरतीची वेळ विचारून ठेवा.
बोटीवर जाण्याचा पूल एकदा दिसला तसाच कायम राहत नाही. पाणी चढलं-उतरलं की बोट वर-खाली होते आणि पुलाचा उतार बदलतो. मुंबई बंदरात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. सकाळी सपाट वाटलेला पूल संध्याकाळी टेकडी होऊ शकतो. उतार कधी सौम्य असेल हे खलाशांना बरोबर माहीत असतं, फक्त विचारावं लागतं.

धक्का नसलेल्या ठिकाणी तर चौकशी दुप्पट करा. कोकण बोटीच्या काळात हर्णैसारख्या बंदरांत आगबोट दूर उभी राहायची आणि माणसांची पडावातून ने-आण व्हायची. लक्षद्वीपला आजही बऱ्याचदा मोठी बोट बाहेर थांबते आणि छोट्या बोटीत उतरावं लागतं. हलत्या बोटीतून हलत्या बोटीत पाऊल टाकणं बुटातल्या पायाचं काम नाही. आमचं बुकिंग गोव्याचं होतं हे बरं, तिथे मुरगावला बोट धक्क्याला लागते.

८. सुरक्षा सराव बसून ऐका, पण ऐकाच.
१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. त्यानंतर जागतिक नियम बदलला आणि २०१५ पासून हा सराव बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. आपल्यासाठी मुद्दा असा की आणीबाणीत लिफ्ट वापरू देत नाहीत. मग जिन्याने कोण नेणार, हे सरावाच्या वेळीच तोंड उघडून विचारायचं. माझं नाव, केबिन नंबर बोटीवरच्या कर्मचाऱ्यांनी लगेच यादीत लिहून घेतलं. पुतण्याला तो जिन्याचा रस्ता एकदा चालून यायलाही लावलं.

९. गोव्यात वाळू टाळा, मोठी बस टाळा.
सहलीच्या बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी. आम्ही दोघांनी वेगळी टॅक्सी केली, जुन्या गोव्यातली चर्च बघितली, सावलीत बसलो, परत आलो. किनाऱ्यावर काठी रुतते आणि वाळू बुटाच्या अस्तरात आणि वेल्क्रोत शिरते. ती झटकून निघत नाही, रात्रभर टोचते. बोट बंदरात असताना वर राहिलात तरी काही बिघडत नाही. मंडळी खाली उतरलेली असतात, लिफ्ट मोकळी, डेक मोकळा, आणि चहा देणारा पोरगा निवांत गप्पा मारतो.

१०. सोबतच्यांना वेळ वाटून द्या.
सगळे सतत आजूबाजूला घुटमळले तर त्यांचीही सहल जाते आणि आपलाही जीव गुदमरतो. मी जेवणाला, आंघोळीच्या वेळी आणि चढता-उतरताना एक माणूस मागितला, बाकी वेळ सगळ्यांना मोकळं सोडलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, आजारी माणसासारखी वाग जरा.” मी म्हटलं, “अक्का, पाय आजारी आहे, मी नाही.”

११. परत आल्यावर घरात बघा.
आमच्या सासूबाई या सहलीला आल्या नव्हत्या. “मला काय त्या बोटीचं कौतुक,” एवढंच म्हणाल्या आणि आम्ही ते मान्य करून टाकलं. त्यांचे गुडघे दहा वर्षं दुखताहेत. घरी आल्यावर मी त्यांना उंबऱ्याचं, कठड्याचं, पुलाच्या उताराचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बाथरूमला धरायला असतंय का गं?” कौतुक होतंच, पायऱ्यांची धास्ती त्याहून मोठी होती. माझा बूट आता माळ्यावर गेला. पुढच्या दिवाळीच्या चौकशीचा मेल मात्र मी लिहून ठेवला आहे. त्यात मापं सासूबाईंची आहेत: वीस पावलं, चार पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा.